टेबल तुझं, स्टूल माझं

४ फेब्रुवारी

भिंगरीस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिले असं समज. दिले असं समजू नकोस.

माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या वहिनीच्या फोनवरून केला, तर माझा आवाज ऐकल्याबरोबर ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. फाडायच्या आधी वाच, कारण विषय तुझा नाही, माझ्या पाठीचा आहे.

गेलं वर्षभर मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कोणी खिळा ठोकून ठेवल्यासारखं दुखतंय. आधी मी लक्ष दिलं नाही. मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. परवा एका शाळेच्या पितळी पाटीवर संस्थापकांचं नाव कोरत होतो. हात कधी बधिर झाला तेच कळलं नाही. कोरणी सटकली आणि त्या भल्या माणसाच्या आडनावातून आरपार ओरखडा गेला. पाटी वाया गेली. शाळेचे हेडमास्तर "होतं असं कधीकधी" म्हणाले आणि गेले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी फोटो काढले. हाडं ठीक आहेत म्हणाले, आणि एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. ती बाई माझ्या मुलीच्या वयाची. औषध देईल म्हणून गेलो, तर म्हणाली मला तुमचं दुकान बघायचंय. आली, आणि म्हणाली, बसून दाखवा. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून बाबांच्या टेबलाशी बसलो, रोज बसतो तसा. टेबल माझ्या काखेपर्यंत येतं हे तुला माहीत आहे. बाई हसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही या टेबलावर काम करता, की टेबलाला लटकता?"

तिचं म्हणणं असं, की माझे खांदे दिवसभर कानांना लागलेले असतात. हातांचं सगळं वजन मानेचे स्नायू तोलून धरतात, ते आखडतात आणि हाताकडे जाणारी शीर दाबतात. दुखणं वयाचं नाही, बसण्याचं आहे. बसणं बदललं नाही तर बारीक काम या हाताने होणार नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं. म्हणजे दुकान बंद. एक तर टेबल खाली आणा नाही तर स्वतः वर जा, असं सांगून ती गेली.

बाबांच्या टेबलाला मी करवत लावणार नाही. तेव्हा टेबलाबरोबरचं स्टूल, जे तू उचलून नेलंस, ते परत पाठव. टेम्पोचं भाडं मी देईन.

तुझा (कागदोपत्री) मोठा भाऊ

११ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

तीर्थरूप लिहिलंय ते वयाकडे बघून.

स्टूल मिळणार नाही.

"उचलून नेलंस" हा शब्द तू वापरलास म्हणून आठवण करून देते. पाट्यांवर अक्षरं मी आखायचे, कोरायचास तू, आणि दोघांच्या चुका काढायचे बाबा. ते गेल्यावर दोन महिने होत नाहीत तोच, समोर गिऱ्हाइकं उभी असताना, तू मला सांगितलंस की या धंद्यात आता दोघांचं भागणार नाही, तुला शिवण येतं तर शिवणाचं बघ. मी विचारलं, मग बाबांच्या वस्तूंमधलं माझं काय? तू मान वर न करता म्हणालास, "काय हवं ते उचल." मी रडेन असं तुला वाटलं असणार. तू स्टुलावर बसला होतास. मी म्हटलं, ऊठ.

मग मी ते बसमधून मांडीवर घेऊन आले. बस भरलेली होती. मला जागा देण्याऐवजी लोक सांगत होते, ताई, स्टूल आहे ना, त्याच्यावरच बसा. तो प्रवास मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही.

तेव्हापासून मी मशीनवर शिवते ती त्याच स्टुलावर बसून. लोकांच्या पॅन्टी आखूड करते, चेनी बदलते, कॉलरी उलटवते. दुसऱ्या कशावर बसलेली नाही आणि बसणार नाही. तुझ्या मानेचं वाईट वाटलं असतं, पण तिथे आधी तुझी ताठ मान आठवते आणि वाटायचं राहून जातं.

बाजारात स्टुलं मिळतात. विकत घे.

माझी तब्येत उत्तम आहे. अक्षर हललंय कारण उभ्याने लिहितेय. घाईत आहे, बाकी काही नाही.

भिंगरी म्हणू नये.

धाकटी

१९ फेब्रुवारी

धाकटीस,

भिंगरीला भिंगरी न म्हणायचं तर काय म्हणायचं हेही कळव.

स्टूल विकत आणलं होतं. गोल फिरणारं, चाकांचं. कोरणीला जोर दिला की पाटी तिथेच आणि मी दाराकडे. परत केलं. मग लाकडी, न फिरणारं का आणत नाही, हे तुझी वहिनी रोज विचारते. तिला सांगितलं तेच तुला सांगतो. या टेबलाचं स्टूल आहे. ते हरवलेलं नाही, मोडलेलं नाही. ते तुझ्या बैठकीखाली आहे. ते असताना दुसरं आणलं तर तू जिंकलीस असं होईल, आणि माझा हात गळून पडला तरी तसं होऊ देणार नाही.

तोपर्यंत त्या बाईच्या व्यायामशाळेत जातोय. बघण्यासारखी जागा आहे. मला भिंतीला पाठ लावून उभं करते आणि हनुवटी आत ओढायला लावते, गळ्याला दुसरी हनुवटी येईपर्यंत. मग खांद्यांची पाती मागे एकमेकींजवळ आणायची, जणू मधे पेन्सिल धरलीय. शेजारी कंबरवाले असतात. त्यांना ती सतरंजीवर पालथं घालते आणि कोपरांवर टेकून छाती वर उचलायला लावते. बँकेतले, कचेरीतले, टाय लावणारे लोक, सगळे ओळीने सरड्यासारखे माना वर करून पडलेले. शिवाय सारखं उठायचं. एका जागी अर्ध्या तासाच्या वर बसलात तर माझ्याकडे येऊ नका, अशी तिने धमकीच दिली आहे. दुकानात गजर वाजतो आणि गिऱ्हाईक विचारतं, दूध उतू गेलं का?

थोडा फरक आहे. पण तासभर त्या टेबलाशी बसलो की पुन्हा पहिले पाढे. बाई म्हणते, भोक न बुजवता बादली भरताय.

आणि तुझी "उत्तम" तब्येत. आत्या तुझ्याकडे येऊन गेली. म्हणाली, पोरगी चालते तेव्हा वाटतं हिचं काहीतरी खाली पडलंय आणि ही शोधतेय. तुला ते स्टूल लाभत नाही, आणि लाभणारही नाही.

मोठा

२ मार्च

मोठ्यास,

आत्याला माझ्याकडे चहा मिळाला, बिस्किटं मिळाली, जाताना तिच्या ब्लाउजची शिलाई फुकट करून दिली. त्याबदल्यात तिने ही बातमी पोचवली. पुढच्या वेळी बिस्किटं नाहीत.

हो, कंबर दुखते. आता खूश? संध्याकाळी मशीनवरून उठताना सरळ होता येत नाही. आधी भिंत धरते, मग दाराची चौकट, मग हळूहळू माणूस होते. गिऱ्हाइकांना वाटतं मी वाकून त्यांच्या पॅन्टचा काठ बघतेय, म्हणून निभावतं. उभ्याने लिहिते कारण बसवत नाही. गेल्या पत्रात खोटं लिहिलं होतं, आणि तुला खोटं लिहिल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

हे स्टुलामुळे आहे असं तू म्हणणार. मशीनमुळे आहे. पंधरा माणसांचे कपडे एका दिवसात शिवून बघ, मग बोल.

तुझ्या पत्रातलं ते सरड्याचं मी करून बघितलं. तू सांगितलंस म्हणून नाही. जमिनीवर टाचण्या शोधायला पालथी झालेच होते, म्हणून. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता हे सांग, छाती वर उचलली की पोट जमिनीला ठेवायचं की तेही उचलायचं? आणि किती वेळ? तू नेहमीप्रमाणे अर्धवट लिहिलंयस. लोकांची टिंगल करायला तुला अख्खं पान पुरलं नाही, आणि कामाची गोष्ट एका ओळीत उरकलीस.

उत्तर फक्त या प्रश्नाचं दे. बाकी मजकूर नको.

धाकटी

९ मार्च

वन्सं,

हे पत्र माझ्या हातचं आहे, पण बोलणं यांचं. यांच्या उजव्या हाताला परवापासून पेन धरवत नाही. पलीकडच्या खुर्चीवर बसून सांगतायत, मी लिहितेय. मधे कंसात जे येईल ते माझं, यांना वाचून दाखवणार नाही.

धाकटीस. पोट जमिनीलाच राहिलं पाहिजे. तू ते उचलत असणार, कारण लहानपणापासून जे खाली ठेवायचं ते वर करायची तुला खोड आहे. श्वास रोखायचा नाही. चार-पाच सावकाश श्वास, मग खाली, असं काही वेळा. दुखणं कंबरेत गोळा होत असेल तर चालू ठेव. पायात उतरायला लागलं तर लगेच थांब आणि तिकडच्या एखाद्या डॉक्टरला दाखव. हे मी बाईला विचारून सांगतोय. माझ्या मनाचं सांगून तुला लंगडी करायची असती तर आधीच केली असती.

(हे विचारायला मुद्दाम गेले. मला सांगितलं, औषधाच्या दुकानात जातोय.)

बाईला मी तुझ्याबद्दल सांगितलं. म्हणजे नाव सांगितलं नाही, एक हट्टी शिंपीण आहे एवढंच. तिने विचारलं, कशावर बसते? मी स्टुलाची उंची दाखवली. ती म्हणाली, एवढ्या उंचावर बसून शिवणयंत्रावर वाकायचं म्हणजे दिवसभर विहिरीत डोकावण्यासारखं आहे. पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत, म्हणजे कंबर सारखी घसरणार. बसलं की गुडघे आणि कुल्ले एका पातळीत हवेत, तळवे सपाट, आणि काम डोळ्यांकडे यायला हवं, डोळे कामाकडे नव्हे. ते स्टूल तुझ्या मशीनसाठी नाहीच. तू त्याच्यावर बसून स्वतःचं नुकसान करून घेतेयस. तेव्हा तुझ्याच भल्यासाठी ते माझ्याकडे पाठवून दे.

(वन्सं, शेवटच्या वाक्यावर मी हसले म्हणून रागावलेत. पण एक सांगते. शाळेची पाटी दुसऱ्यांदा बिघडली. या वेळी ओरखडा नाही, अक्षरंच तिरकी गेली. ती पाटी पालथी घालून ठेवलीय आणि दिवसभर दुकानाचं शटर अर्धं ओढून आत नुसते बसतात. कालपासून कोणी गिऱ्हाईक आलं तर सांगतात, मशीनवर कोरून घ्या, स्वस्त पडेल. असं हे कधी बोलले नव्हते. मला भीती वाटते.)

बस झालं. काय लिहिलंस ते वाच. (नाही वाचत.)

१७ मार्च

मोठ्यास,

हुशार आहेस, हे मी नेहमीच मान्य करत आले. माझ्या कंबरेच्या काळजीने तुझा जीव कासावीस झाला आणि त्यावर उपाय काय सापडला, तर स्टूल तुझ्याकडे जावं. लबाडी करताना माणसाने निदान उपाय तरी दुसरा काढावा.

पण विहिरीत डोकावण्याचं खरं निघालं. मी शेजारच्या मुलीला सांगितलं, मी शिवत असताना बाजूने फोटो काढ. फोटो बघितला आणि माझा विश्वास बसेना. मशीनवर एक कोळंबी बसली होती आणि तिने माझा झगा घातला होता.

तेव्हा मी स्टुलाचे पाय कापले.

वरचा मजकूर तुला पुन्हा वाचावा लागेल, म्हणून पुन्हा लिहिते. मी बाबांच्या स्टुलाचे चारही पाय खालून वीतभर कापले. करवत समोरच्या दुकानातून आणली, मापं शिवणाच्या टेपने घेतली. आता तळवे जमिनीला टेकतात, गुडघे कुल्ल्यांच्या पातळीत राहतात, मशीन डोळ्यांसमोर येतं. काल दुपारभर शिवलं आणि उठले. भिंत धरली नाही. उठून उभी राहिल्यावर लक्षात आलं की धरली नाही, आणि मग तशीच थोडा वेळ उभी राहिले.

बाबांची वस्तू कापली म्हणून तू बोंब मारशील. मारावीस. त्यांनी ते स्टूल कामासाठी बनवून घेतलं होतं, पूजेसाठी नाही.

सोबतच्या पार्सलमधे कापलेले चार तुकडे आहेत. स्टूल मागत होतास, हा तुझा वाटा. पाय टेकवायची आडवी पट्टी त्या तुकड्यांत होती, ती मी सोडवून घेतली. तिच्यावर तयार कपड्यांचे हँगर लटकवते.

वहिनीला नमस्कार. तिने कंसात जे लिहिलं ते मी वाचलं.

धाकटी

२२ मार्च

पार्सल मिळालं.

हात दुखतोय तरी स्वतः लिहितोय, कारण हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या हातून जायला नको. बाबांच्या वस्तूला करवत लावणारी बहीण मला नाही. मी मान मोडून घेतली, हात घालवला, पण टेबलाच्या एका पायालाही धक्का लावला नाही. आणि तू आपली कंबर सुखी व्हावी म्हणून ते कापलंस, वर तुकडे मला पाठवलेस. चिडवायला. बसमधल्या लोकांची गोष्ट सांगतेस, पण त्या दिवशी तू ऊठ म्हणालीस आणि मी उठलो, हे नाही सांगत. तेव्हा मी ते तुला दिलं होतं. कापायला दिलं नव्हतं.

तुकडे बंबात घालतोय. पुन्हा पत्र पाठवू नकोस.

११ एप्रिल

भिंगरीस,

पत्र पाठवू नकोस म्हटलं तर खरंच पाठवलं नाहीस. आजवर माझं एकही सांगणं ऐकलं नव्हतंस, आणि ऐकायला सुरुवात केलीस ती हीच गोष्ट निवडून.

तुकडे जाळायला निघालो होतो. तुझ्या वहिनीने हातातून काढून घेतले. मला वाटलं, जपून ठेवायला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर माझी जेवणाच्या टेबलाची खुर्ची जागेवर नव्हती. संध्याकाळी सुतार ती घेऊन आला. त्याने खुर्चीच्या चारही पायांखाली ते तुकडे खुंट्या मारून, बाजूने लोखंडी पट्ट्या ठोकून जोडले होते. दिसायला भयंकर आहे. वरून जेवणघर आणि खालून बाबा. मी सुताराला ओरडलो, हिला ओरडलो, सगळं उपटून काढा म्हणालो. ती म्हणाली, आधी एकदा बसा, मग उपटू.

बसलो. टेबल बरोबर कोपरांशी आलं. वीतभरच मी खाली होतो, आणि तू म्हणतेस तू वीतभरच कापलंस. मी मापून बघितलं नाही, मापायची गरज नव्हती. खांदे आपोआप खाली आले. मी खूप वेळ काही कोरलं नाही, नुसते हात टेबलावर ठेवून बसलो. ही समोर उभी होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

आता तीन आठवडे होतील. मुंग्या कमी आहेत, गेलेल्या नाहीत. बाई म्हणते वेळ लागेल, आणि गजर, भिंत, हनुवटी सोडायची नाही. शाळेची पाटी पुन्हा माझ्याकडे द्यायला हेडमास्तर तयार नव्हते. मी जाऊन स्वतः मागितली. कोरणी आता सटकत नाही. पण पत्र्याच्या तुकड्यांवर सराव करतो, तर अक्षरं तिरकीच येतात. ते बसण्यामुळे नाही, हे मला आता कळलंय, कारण बसणं सुधारलं आणि ती सुधारली नाहीत. आखायचं काम मला कधीच येत नव्हतं. पाटी अजून कोरी आहे.

याचा अर्थ मी तुला माफ केलं असा काढू नकोस. करवतीचं मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि खुर्चीकडे बघितलं की रोज नव्याने चिडतो. चिडून कामाला बसतो, ते बरं होतं.

एक अडचण राहिली आहे. खुर्ची उंच झाली आणि माझे पाय लोंबकळतात. बाई म्हणाली, पायांखाली आधार नसेल तर दुखणं मानेतून कंबरेत जाईल, आणि मग तू आणि मी एकाच सतरंजीवर. खाली वीट ठेवली तर ती सरकते. खोकं ठेवलं तर ते दबतं. बाबांचे पाय ज्या आडव्या पट्टीवर असायचे ती तुझ्याकडे आहे, आणि तू तिला लोकांच्या पॅन्टी लटकवतेस.

ती पट्टी पाठवू नकोस. घेऊन ये.